गाभोळीतला लाल दोरा : समुद्री माशांच्या अंडाशयातले कृमी आणि आपला जुना नारू

गिरणाकाठ

गेल्या रविवारी जळगावच्या मासळी बाजारातून किलोभर ढोमा आणला. आपल्या खानदेशात समुद्राची मासळी बर्फाच्या खोक्यांतून येते, कधी गुजरातच्या किनाऱ्यावरून, कधी मुंबईकडून, आणि येईपर्यंत तिला एकदोन दिवस सहज झालेले असतात. त्यामुळे घेताना आपण कल्ले लाल आहेत का, डोळा वर आलेला आहे का, एवढेच पाहतो. मासे कापून देणाऱ्या मावशींनी त्यांतल्या एका मोठ्या माशाची गाभोळी अलगद बाहेर काढली, तेव्हा तिच्या पातळ आवरणाखाली गडद लाल रंगाची एक वळणावळणाची रेघ मला दिसली. मी बोट ठेवून विचारले, तर मावशी म्हणाल्या, "भाऊ, ती नस शे, काढी टाका, काही व्हत नही."

ती नस नव्हती. घरी येऊन गाभोळी स्टीलच्या ताटलीत उभी चिरली, तेव्हा दाण्यांच्या पापुद्र्यांमध्ये गुंडाळून बसलेले चार लाल दोरे निघाले. सर्वांत लांब दोरा माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा मोठा होता. दोन्ही टोके बोथट, अंग गुळगुळीत, आणि मधोमध काळपट लाल रंगाची एक नळी आरपार दिसत होती. ती नळी म्हणजे त्याचे आतडे आणि तो रंग म्हणजे माशाचे पचत आलेले रक्त. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले आहे, तरी फिलोमेट्रा हा कृमी आजवर पुस्तकातल्या आकृतीतच पाहिला होता. तो असा स्वतःच्या ताटलीत भेटेल, असे कधी वाटले नव्हते.

उत्सुकतेपोटी एक दोरा नळाच्या साध्या पाण्यात ठेवला. काही मिनिटांतच तो फुगला, एका जागी त्याचे अंग तडकले आणि त्या फटीतून तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका ढग बाहेर पडला. त्याचा एक थेंब काचेवर घेऊन जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो ढग म्हणजे शेकडो पिल्ले होती. प्रत्येक पिल्लू एका टोकाला निमुळत्या होत गेलेल्या बारीक तंतूसारखे होते. मासा बर्फातला असल्याने ती सर्व निश्चल होती, परंतु ताज्या माशातल्या मादीची पिल्ले पाण्यात पडताच झटके देत हलू लागतात.

या धाग्यात त्या कृमीविषयी लिहावे असे मनात आहे. कोणाला असाच अनुभव आला असेल, तर कोणता मासा होता आणि लाल दोरा नेमका कोठे होता, हे जरूर लिहावे.

केळीचे पान

सर, हे वाचून माझी झोप उडाली आहे. आम्ही रावेरला राहतो, समुद्राची मासळी महिन्यातून एखाद्या वेळी येते, आणि आली की घरातली मुले गाभोळीवरच तुटून पडतात. मागच्या खेपेला तळलेल्या गाभोळीत मला एक काळपट दोरी लागली होती. मी ती शीर समजून बाजूला सारली, परंतु धाकट्याने काही खाल्ले की नाही, हे मला आता आठवत नाही. हा किडा माणसाच्या पोटात वाढतो का? शिजवल्याने मरतो का? आणि असा मासा खावा की सरळ टाकून द्यावा?

गिरणाकाठ

ताई, निर्धास्त राहा. शिजलेला किंवा तळलेला फिलोमेट्रा म्हणजे मेलेला फिलोमेट्रा, आणि जिवंत असता तरी तो माणसाच्या पोटात संसार थाटणारा प्राणी नाही. मासा हेच त्याचे शेवटचे घर आहे. तो तेथेच वयात येतो, तेथेच त्याचे नर-मादी एकत्र येतात आणि तेथेच मादीच्या पोटात पिल्ले भरतात.

ज्याची खरी धास्ती बाळगावी, तो गोलकृमी वेगळा, त्याचे नाव ॲनिसाकिस. त्याचे शेवटचे घर देवमासा किंवा डॉल्फिन असते. माशात तो अळीच्या अवस्थेत, घड्याळाच्या स्प्रिंगसारखा चपटा गुंडाळलेला, पांढुरका, दोन-तीन सेंटिमीटरचा असतो आणि बहुधा यकृतावर, आतड्यावर किंवा पोटाच्या पडद्यावर चिकटलेला आढळतो. कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खाणाऱ्या माणसाच्या जठराच्या भिंतीत तो शिरू पाहतो आणि असह्य पोटदुखी होते. आतपर्यंत ६० अंश सेल्सिअसवर शिजवल्याने किंवा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवल्याने तो मरतो; मात्र घरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा उणे २० पर्यंत जातोच असे नाही, म्हणून आपल्यासाठी चूल हाच खरा उपाय. काही लोकांना मेलेल्या ॲनिसाकिसच्या प्रथिनांचीही ॲलर्जी होते. ओळखण्याची ढोबळ खूण अशी की पांढुरकी स्प्रिंग आतड्याजवळ असेल तर ॲनिसाकिसचा संशय घ्यावा, आणि लाल किंवा काळपट दोरा गाभोळीत असेल तर फिलोमेट्राचा.

माणसाच्या अंगात फिलोमेट्रा शिरल्याची एक चमत्कारिक नोंद मात्र आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीप्रमाणे हवाई बेटांवर मासा कापणाऱ्या एका माणसाच्या हातावर उघडी जखम होती आणि माशातला कृमी थेट त्या जखमेत घुसला. पोटातून नव्हे, जखमेतून. म्हणून ताजा मासा साफ करताना हाताला काप असेल तर हातमोजा घालावा. याहून अधिक भीती बाळगण्याचे कारण नाही.

राहिला खाण्याचा प्रश्न. लाल दोरे दिसले तर गाभोळी टाकावी, कारण ती खावीशी वाटणार नाही, मासा ठेवावा.

अमळनेरी

मधल्या बोटाएवढा लाल दोरा, पाणी लागताच फुटणारे अंग आणि बाहेर पडणारा पांढरा ढग हे वाचताना मला माझ्या आजोबांची पोटरी आठवली. आजोबांना नारू, म्हणजे माणसाच्या अंगात वाढणाऱ्या लांब कृमीचा रोग, झाला होता. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. घोट्याच्या वर आधी फोड आला, आग आग होऊ लागली, म्हणून ते विहिरीच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायचे आणि तेवढ्यापुरते त्यांना बरे वाटायचे. फोड फुटल्यावर त्यातून पांढऱ्या सुतळीचे टोक डोकावू लागले. आजीने ते एका काडीला गुंडाळले आणि रोज सकाळी त्या काडीला एक-दोन वेढे द्यायची. ओढायचे नाही, तोडायचे नाही, घाई करायची नाही. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर, असे ती म्हणायची. ती दोरी पूर्ण निघायला किती दिवस लागले ते आठवत नाही, परंतु पायाला बांधलेली ती काडी आणि तिच्यावरचा ओला वेढा आजही डोळ्यांसमोर आहे.

सर, नारू आणि हा माशातला कृमी यांचे काही नाते आहे का, की हे माझ्या मनाचे खेळ आहेत?

गिरणाकाठ

मनाचे खेळ नव्हेत. तुम्ही अगदी नात्यावरच बोट ठेवले आहे. नारू आणि फिलोमेट्रा हे दोघेही गोलकृमींच्या ड्रॅकन्क्युलॉइडिया या एकाच अधिकुलातले आहेत, म्हणजे चुलत घराण्यातले. दोघांचीही मादी प्रचंड आणि नर नगण्य. नारूची मादी मीटरभर वाढते, तर फिलोमेट्राच्या काही जातींच्या माद्या कित्येक सेंटिमीटर वाढत असताना नर दोन-चार मिलिमीटरांवरच थांबतात. दोघींच्याही अंगात अखेरीस पिल्लांखेरीज फारसे काही उरत नाही. फिलोमेट्राच्या पूर्ण वाढलेल्या मादीचे जननद्वार आणि गुदद्वार झिजून गेलेले असते, त्यामुळे पिल्ले बाहेर पडण्यासाठी तिला फुटावेच लागते. आणि दोघींनाही हवे असते पाणी. आजोबांना पाय पाण्यात बुडवावासा वाटत होता, त्यात त्यांचा आराम होता तसाच नारूचा स्वार्थही होता. मादी त्याच क्षणी पिल्ले विहिरीत सोडत होती.

त्यापुढची वाटही सारखीच आहे. नारूची पिल्ले विहिरीतला सायक्लॉप्स हा बारीक जीव गिळतो, त्याच्या अंगात ती माणसाला लागण्याजोगी होतात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्या माणसाच्या पोटात जातात. फिलोमेट्राची पिल्ले समुद्रातल्या सायक्लॉप्सच्याच जातकुळीतल्या बारीक कवचधारी जीवांच्या, म्हणजे कोपेपोडांच्या पोटात जातात. त्यांना मासा खातो, किंवा त्यांना खाणाऱ्या लहान माशाला मोठा मासा खातो, आणि अळ्या मोठ्या माशाच्या अंगातून प्रवास करत अंडाशयापर्यंत किंवा वृषणापर्यंत पोहोचतात. अशा वाहतुकीपुरत्या यजमानाची, म्हणजे कृमीला नुसते पुढे पोहोचवणाऱ्या प्राण्याची, कल्पना नारूच्या बाबतीतही पुन्हा चर्चेत आली आहे, कारण आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू आढळू लागला आणि तो पाण्यापेक्षा मासे किंवा बेडूक खाण्यातून होत असावा, असा संशय आहे.

आता मला विशेष आवडणारी गोष्ट. नारूचा सायक्लॉप्स हुडकण्याचा धागा मिळाला तो माशाच्या कृमीतूनच. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉइकार्ट यांना माहीत होते की पर्च माशाच्या आतड्यातल्या एका लाल गोलकृमीची पिल्ले सायक्लॉप्समध्ये वाढतात आणि ती नारूच्या पिल्लांसारखीच दिसतात. त्यांनी सुचवल्यावरून अलेक्सेई फेदचेंको या तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञाने १८७० साली तुर्कस्तान प्रांतात, समरकंदच्या बाजूला, नारूची पिल्ले सायक्लॉप्समध्ये शिरताना पाहिली. पुढे १९१३ साली तुरखुड या भारतीय जंतुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की असे सायक्लॉप्स पोटात गेल्याने माणसाला खरोखर नारू होतो.

आपल्या देशातल्या सात नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्र होता. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा हे गावोगाव सांगितले गेले, आणि शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. फिलोमेट्राच्या बाबतीत असे काही होणे नाही, समुद्राला फडके बांधता येत नाही.

नवापूरवाला

आमच्याकडे उकाईच्या फुगवट्याचे पाणी आहे आणि आमची हयात गोड्या पाण्याच्या मासळीवर गेली. रोहू, कटला, मरळ, शिंगी, वाम हे सर्व मी स्वतः साफ केले आहेत. मरळ आणि शिंगीच्या आतड्यात बारीक लालसर किडे अनेकदा दिसले, परंतु गाभोळीत लाल दोरा असल्याचे एकदाही आठवत नाही. मग हा फक्त खाऱ्या पाण्यातलाच प्रकार मानावा का?

गिरणाकाठ

भाऊ, तुमचे निरीक्षण मोलाचे आहे. आतड्यातले ते लालसर किडे बहुधा कॅमॅलेनस किंवा प्रोकॅमॅलेनस यांपैकी असावेत. तेही सायक्लॉप्सकडूनच माशाकडे येतात आणि रक्तच पितात. लॉइकार्टचा पर्चमधला कृमी याच कॅमॅलेनस घराण्यातला. फिलोमेट्रा आणि त्याचे भाऊबंद गोड्या पाण्यातल्या माशांतही आहेत, पण तेथे ते बहुधा पोटाच्या पोकळीत, खवल्यांखाली किंवा परांत राहतात. थेट जननग्रंथी धरणाऱ्या जाती मात्र प्रामुख्याने समुद्री माशांत आढळतात, त्यातही ढोमा-घोळीचे कुळ, हेकरू, तांबोशी आणि सुरमईचे नातलग यांच्यात.

त्यांच्या नावांचा एक मोठा गोंधळ बरीच वर्षे चालला. १९३५ साली यामागुती या जपानी कृमितज्ज्ञांनी जपानी सी-बास माशातून फिलोमेट्रा लॅटिओलॅब्रॅसिस या जातीचे वर्णन केले. पुढे कित्येक दशके जगातल्या कोणत्याही समुद्रात कोणत्याही माशाच्या गाभोळीत लाल दोरा दिसला, की त्याला हेच नाव चिकटवले जाई, कारण पिल्लांनी भरलेल्या माद्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे जवळजवळ अशक्य असते. फरक असतो तो नराच्या शेपटीकडच्या भागात, त्याच्या समागमाच्या दोन काट्यांत आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या छोट्या पन्हळीच्या टोकात, आणि नर शोधण्याइतका धीर फार थोड्या लोकांना होता. गेल्या वीसएक वर्षांत चेक कृमितज्ज्ञ फ्रांटिशेक मोरावेक आणि जपानच्या संशोधकांनी नर शोधून काढून, त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन, ती एक जात म्हणजे अनेक जातींचे गाठोडे असल्याचे सिद्ध केले. २००८ मध्ये जपानी तांबड्या ब्रीम माशातली फिलोमेट्रा मादाई आणि आपल्या सुरमईच्या जपानी बहिणीतली फिलोमेट्रा सावारा, अशा दोन जाती त्या गाठोड्यातून वेगळ्या झाल्या. २०१३ मध्ये मोरावेक आणि मनोहरन यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माशांच्या जननग्रंथींतून चार नव्या जातींचे वर्णन केले. साधारण प्रत्येक जात एका माशाला किंवा त्याच्या अगदी जवळच्या नातलगांना धरून राहते, असे आता दिसते आहे.

माझ्या ताटलीतल्या चारही माद्याच होत्या. म्हणून मी त्यांना फक्त फिलोमेट्रा म्हणतो आणि पुढे जात नाही.

लूपलाइन

भुसावळला एका विक्रेत्याशी याच कारणावरून माझी बाचाबाची झाली होती. किडा दाखवल्यावर तो म्हणाला की समुद्रात रसायने सोडल्यामुळे हल्ली माशांना किडे पडतात, त्यात माझा काय दोष? त्याने पैसे परत दिले नाहीत. रसायनांचे त्याचे म्हणणे खरे आहे का?

गिरणाकाठ

पैशांचा निवाडा मी करू शकत नाही. रसायनांचे म्हणणे मात्र खरे नाही. हा कृमी कुजण्यातून किंवा घाणीतून उपजत नाही. त्याला जगायला जिवंत कोपेपोड, कधी जिवंत लहान मासा आणि वयात येणारा मोठा मासा अशी धडधाकट साखळी लागते. तो मासा समुद्रातून निघण्याच्या कितीतरी आधीपासून त्याच्या अंगात होता, म्हणजे मासळी शिळी असल्याचाही तो पुरावा नव्हे.

तापीपूर

मला वेगळीच शंका आहे. कृमी गाभोळीतच बसून रक्त पीत असेल, तर अंडी कमी होणार, अंडी कमी झाली तर पिल्ले कमी, आणि पिल्ले कमी म्हणजे मासळी कमी. समुद्रात मासळी घटत चालली आहे असे आपण नेहमी ऐकतो, तर त्यातला काही वाटा या लाल दोऱ्याचा आहे, असे म्हणता येईल का? की जाळ्यांचा दोष कृमीवर ढकलण्याची ही नवी सोय ठरेल?

गिरणाकाठ

तुमच्या शेवटच्या वाक्यातली शंका मलाही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नुकसान होते यात वाद नाही. ब्लूफिश या अटलांटिकमधल्या माशाच्या अंडाशयातल्या फिलोमेट्रा सॅल्टॅट्रिक्स या जातीचा ऊतींच्या पातळीवर अभ्यास झाला आहे. त्यात कृमीच्या आजूबाजूला रक्तस्राव, सूज, ऊती मरणे आणि पिकण्याआधीच अंडी जिरून जाणे, हे सर्व दिसले. मेलेल्या माद्यांभोवती माशाचे शरीर तंतूंची गाठ बांधते. ताईंना तळलेल्या गाभोळीत लागलेली काळपट दोरी कदाचित अशीच एखादी जुनी मादी असावी.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचा ठिपकेदार सी-ट्राउट हा आपल्या ढोम्याच्याच कुळातला मासा आहे, आणि त्याच्या अंडाशयात फिलोमेट्रा कॅरोलिनेन्सिस असते. या जातीच्या कृमींनी रक्त प्यायल्याचे आणि ऊती बिघडवल्याचे दिसले, तरी कृमी असलेल्या आणि नसलेल्या माद्यांच्या अंड्यांच्या संख्येत लक्षणीय फरक सापडला नाही. गाभोळी हा लाखो दाण्यांचा ऐवज आहे. त्यातला एक कोपरा गेल्याने सर्व हिशेब बुडतो असे नाही.

यात कृमीचे गणितही लक्षात घेण्याजोगे आहे. कृमीची मादी आपली वाढ माशाच्या विणीच्या हंगामाशी जुळवून घेते. गाभोळी भरू लागते तेव्हा तिचा रक्तपुरवठा वाढतो, त्याच रक्तावर ही मादी फुगते, आणि मासा अंडी सोडतो त्याच सुमारास तिची पिल्ले पाण्यात जातात. हंगाम संपल्यावर तोच मासा चिरला, तर बहुधा वाळलेले अवशेषच हाती लागतात. म्हणजे यजमानाची वीण साफ बुडवणे तिलाही परवडणारे नाही. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि एकाच गाभोळीत दहा-वीस माद्या असतील किंवा लहान आकाराच्या माशाचे वृषण त्यांनी व्यापले असेल, तर हा तर्क तेथे टिकणार नाही. मात्र आपल्या किनाऱ्यावरची मासळी या दोऱ्याने घटवली, असे मी म्हणणार नाही. विणीला आलेला मासा पकडला जाऊ नये म्हणूनच तर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना बंदी असते, आणि विणीला आलेल्या मादीचे संपूर्ण पोट उचलून नेणारे जाळे आणि तिच्या गाभोळीचा कोपरा खाणारा कृमी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

अमळनेरी

सर, एक विनंती आहे. या रविवारी पुन्हा ढोमा आला तर नर शोधून पाहा. आजीने काडीला वेढे दिले होते, तेवढा धीर तुमच्यात नक्की आहे.

गिरणाकाठ

अमळनेरी भाऊ, तुमच्या सांगण्यावरून या रविवारी पाच गाभोळ्या आणल्या. कापणाऱ्या मावशींना या वेळी आधीच सांगून ठेवले होते, तेव्हा त्यांनी पोटाला सुरी हलक्या हाताने लावली आणि गाभोळ्या आवरणासकट अखंड काढून दिल्या. माझ्याकडे संशयाने पाहत त्यांनी त्या वेगळ्या पिशवीत बांधल्या.

या वेळी साधे पाणी वापरले नाही. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातले, म्हणजे कृमी फुगून फुटत नाहीत. तीन गाभोळ्या स्वच्छ निघाल्या. चौथीत एक काळी, कडक झालेली गाठ होती. पाचवीत दोन लाल माद्या होत्या. त्या काढून ठेवल्या आणि गाभोळीचे आवरण काळ्या कागदावर ठेवलेल्या काचेच्या बशीत मिठाच्या पाण्याने पुनःपुन्हा खंगाळले. खंगाळलेले पाणी थोडे थोडे बशीत घेऊन भिंगाखाली पाहायचे, ओतायचे, पुन्हा घ्यायचे, असे रात्री साडेअकरापर्यंत चालले. घरातल्यांनी स्वयंपाकघराचा दिवा दोनदा बंद केला.

सातव्या की आठव्या बशीत, एका सुट्या दाण्याच्या कडेला, पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढे काहीतरी पांढरे दिसले. काचेवर घेऊन मोजले, तर तीन मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. मागचे टोक बोथट, आणि त्यात पिवळसर रंगाचे, सुईसारखे सरळ दोन काटे. मादीच्या शेजारी ठेवले तेव्हा ते तिचे पिल्लूही वाटत नव्हते, तिच्या अंगावर पडलेला धूलिकण वाटत होता.

पन्हळीचे टोक माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. नर आणि दोन्ही माद्या ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घातल्या आहेत, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे: ढोमा, अंडाशय, जळगाव बाजार, बर्फातला. शाईने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलात पुसली जाते.

केळीचे पान

सर, आमच्याकडे आज मासळीची गाडी आली. गाभोळी मी उजेडात धरून पाहिली, स्वच्छ होती. तळली आहे.